मातीत पुरला रुपया

दिवाळी अंक घरात आला की तो कोण कोणत्या पानापासून उघडतो, यावरून माणसाची पारख करावी, असे माझे जुने मत आहे. आजोबा राशिभविष्याकडे वळतात, मुले व्यंगचित्रांवर झडप घालतात, कोणी कथेला हात घालतो तर कोणी पाककृतीला. पण प्रत्येक घरात एखादी तरी व्यक्ती अशी असते, की जी अंक मागच्या बाजूने उघडते, शब्दकोड्याचे पान काढते आणि मुकाट्याने पेन्सिलीला टोक करू लागते. ही व्यक्ती पुढले दोन दिवस घरच्यांच्या कामाची राहत नाही. करंज्या तळताना झारा कोठे आहे म्हणून विचारावे, तर ती म्हणते, ‘तीन अक्षरी पक्षी, शेवटी वा.’ घरातून कोणीतरी ‘पारवा’ असे ओरडल्याशिवाय झारा सापडत नाही.

अशा पाच व्यक्ती आमच्या मूर्तिजापुरात एकाच ओट्यावर जमतात.

मूर्तिजापूर ज्यांनी पाहिले आहे त्यांनी बहुधा गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. मुंबई-नागपूर रस्त्यावर अकोला सोडले आणि बडनेरा यायचे असले, की मध्ये आमचे स्टेशन लागते. येथूनच अचलपूर आणि यवतमाळ या दोन्ही दिशांना अरुंद रुळांची ‘शकुंतला’ जात असे. गाव म्हणजे खरे तर दोन गावे, जुनी वस्ती आणि स्टेशन विभाग; आणि दोहोंकडच्या माणसांना एकमेकांविषयी जे वाटते ते या सदरात छापण्यासारखे नाही. आमचा ओटा जुन्या वस्तीत आहे. तो बाईंचा. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय ऐंशीच्या पुढे, चष्मा जाड, स्मरण तल्लख. दुसरे वकीलसाहेब. तिसरे गार्डसाहेब, ज्यांची निम्मी नोकरी शकुंतलेच्या शेवटच्या डब्यात गेली. चौथे भाऊ, हे गावापासून चार कोसांवर राहणारे शेतकरी, रविवारी काही ना काही कामाने गावात येतात आणि काम विसरून ओट्यावर बसतात. पाचवा मी. माझ्याकडे लेखनिकाचे काम आहे, कारण माझे अक्षर सगळ्यांना लागते, असे वकीलसाहेब म्हणतात. त्यात स्तुती किती आणि सोय किती, हे मी कधी तपासले नाही.

आमच्या मराठी वर्तमानपत्रांतून जी कोडी येतात ती बहुतेक सरळ असतात. ‘सूर्य, दोन अक्षरी’ म्हटले की ‘रवि’ लिहावे आणि चहा घ्यावा. त्यात ज्ञानाची परीक्षा असते, पण झटापट नसते. झटापटीची चटक आम्हांला वकीलसाहेबांनी लावली. त्यांनी उमेदवारीची वर्षे नागपुरास काढली, आणि तेथे इंग्रजी पेपरातली आडवळणाची कोडी सोडवण्याचा नाद त्यांना लागला. इंग्रजीत या कोड्यांचा इतिहास फार जुना नाही. शब्दांची पहिली चौकट 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या पत्रात आली. रचणारा आर्थर विन हा मूळचा लिव्हरपूलचा. तिला आडवळण मिळाले ते पुढे इंग्लंडात, 1926 च्या सुमारास. तेथल्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात एक गृहस्थ टॉर्केमादा या नावाने कोडी घालीत. स्पेनमधल्या धर्मछळाच्या मुख्य अधिकाऱ्याचे ते नाव. वाचकांचे काय हाल करावयाचे आहेत, हे बिचाऱ्याने प्रारंभीच कबूल केले होते.

वकीलसाहेब एके रविवारी म्हणाले, ‘हे मराठीत का करू नये?’ तेव्हापासून दर रविवारी पाळीपाळीने एकाने पाच सूत्रे रचून आणावयाची आणि बाकीच्या चौघांनी ती फोडावयाची, असा आमचा रिवाज पडला. शब्दाचा पत्ता सांगणाऱ्या ओळीला आम्ही सूत्र म्हणतो. ती पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली असावी, कंसात अक्षरांची संख्या असावी आणि पैशाचा संबंध कोठेही येऊ नये, असे तीन नियम. तिसरा नियम बाईंचा. त्याची हकीकत पुढे येईल.

आता वाचकांपैकी ज्यांनी ही भानगड पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी एक सूत्र उलगडून दाखवतो. ‘मातीत पुरला रुपया, निघाला देव (3).’ वरवर पाहता ही कोठल्याही खेड्यातली गोष्ट आहे. पण आडवळणी सूत्राची मौज अशी, की त्याची वरची गोष्ट साफ विसरावयाची आणि शब्द सुटे करून पाहावयाचे. सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. येथे तो ‘देव’. उरलेल्या भागात ते उत्तर कसे बनवावे याची कृती असते. माती घ्या, म्हणजे ‘मा’ आणि ‘ती’. तिच्या पोटात रुपया पुरा, म्हणजे ‘रु’, जसे आपण हिशेबाच्या वहीत लिहितो. मा-रु-ती. निघाला की नाही देव? भाऊंनी हे सूत्र आणले त्या दिवशी बाईंनी उठून आतून त्यांच्यासाठी रव्याचा लाडू आणला. बाईंच्या हातचा लाडू ही आमच्याकडची पदवी आहे, आणि ती सहजासहजी कोणास मिळत नाही.

कधी उत्तर सूत्राच्या अंगातच दडलेले असते. ‘काम काढताना मधेच सापडले धान्य (2)’ यात वेगळे काही करावयाचे नाही. ‘काम काढताना’ हे शब्द जवळजवळ ठेवून मध्ये डोकावावयाचे, की ‘म’ आणि ‘का’ शेजारी बसलेले दिसतात. कधी अक्षरे विस्कटावयाची असतात, जसे ‘कलम’ विस्कटले की ‘कमल’ उमलते. आणि कधी शब्द उलटा फिरवावयाचा असतो. या उलट्या फिरवण्याला आम्ही ‘वाल्मीकी’ म्हणतो. ‘मरा, मरा’ म्हणता म्हणता वाल्या कोळ्याच्या तोंडी ‘राम’ आला, ही कथा आपण कीर्तनातून इतक्या वेळा ऐकली आहे की ते एक शब्दकोडे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तसे पाहिले तर या बाबतीत आपल्याला विलायतेकडून शिकण्यासारखे फारसे नव्हते. व्यासांनी गणपतीला लिहिता लिहिता अडवून धरण्यासाठी मध्ये मध्ये कूटश्लोक घातले, अशी आख्यायिका आहे. जुन्या ज्योतिषग्रंथांत आकडे शब्दांनी सांगत. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, आणि असे आकडे मांडावयाचे ते उजवीकडून डावीकडे. आमच्या मोरोपंतांनी तर एकशेआठ रामायणे लिहिली, आणि त्यांत शब्दांचे एकेक असे खेळ केले की वाचताना दम लागावा. ‘निरोष्ठ रामायण’ ओठ न मिटता म्हणता येते. प, फ, ब, भ, म ही अक्षरेच त्यात नाहीत. रामाची कथा आणि ‘म’ वर्ज्य! टीकाकारांनी या कसरतींबद्दल पंतांना पुष्कळ बोल लावले आहेत. मला मात्र वाटते की बारामतीला त्यांच्या ओसरीवर बसणारी मंडळी आमच्यासारखीच असली पाहिजेत, आणि प्रत्येक नवी कसरत ऐकून त्यांनीही कोणाला तरी लाडू दिला असला पाहिजे.

हे सगळे एकट्याने सोडवता येते, नाही असे नाही. वकीलसाहेब पूर्वी एकटेच सोडवीत. पण मराठीत कोडे घालावयाला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. एका माणसाच्या डोक्यात सबंध मराठी मावत नाही. बाईंच्या डोक्यात पंत आणि वामन पंडित आहेत, वकीलसाहेबांच्या डोक्यात कज्जेदलालीची फारसी मराठी आहे, गार्डसाहेबांकडे रेल्वेची आणि अठरापगड प्रवाशांची आहे. भाऊंची भाषा वावरातली, आणि तिच्यात असे शब्द आहेत की जे आम्हां बाकीच्यांच्या घरांतून दोन पिढ्यांपूर्वीच शहाणे होऊन निघून गेले.

मागे एकदा वकीलसाहेबांनी पेपरातले सरळ कोडेच वाचून दाखवले. ‘दक्षिणी आमटी, तीन अक्षरी.’ गार्डसाहेबांनी लगेच ‘सांबार’ म्हणून सांगितले. भाऊ गप्प होते. मग म्हणाले, ‘बाई, मले एक सांगा. सांबार तं आपण भाजीवर टाकतो ना? त्याची आमटी काहून करून राह्यले हे लोक?’ आता जे वाचक पुण्या-मुंबईकडचे असतील त्यांना सांगावयास हवे, की वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाजारात दहा रुपयांचा सांबार मागितला तर जुडी मिळते, वाटी नव्हे. आम्ही हसलो, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल मागितली आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिले, ‘तिकडे इडलीवर ओततात, इकडे भाजीवर भुरभुरतात (3).’ एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवणे, हा आडवळणी सूत्राचा सर्वांत सोपा आणि सर्वांत नेटका प्रकार आहे. पुढच्या रविवारी भाऊंनी त्याला जोड आणली. ‘इकडे बैल ओढतात, तिकडे माणूस अंगात घालतो (2).’ पुणेकरांनो, ही तुमची बंडी आणि ही आमची बंडी. तुमची थंडीत उपयोगी पडते, आमच्यात कापूस भरून बाजारात नेत.

असे शब्द चौकटीत बसवताना एक प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या ओट्यावर सर्वांत जास्त भांडण त्यावरच होते. सूत्र न्याय्य आहे की नाही, हे ठरवावयाचे कोणी? जो शब्द पाचांपैकी एकालाच ठाऊक आहे, तो उत्तर म्हणून ठेवणे बरोबर आहे का? वकीलसाहेब म्हणतात, शब्दकोशात असेल तर बरोबर. भाऊ म्हणतात, ‘कोशवाल्याले आमच्या घरी कोनी धाडलंच नाही, तं शब्द सापडन कसा?’ यावर वकीलसाहेबांनाही उत्तर सुचत नाही.

इंग्लंडात ॲफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या एका कोडेकाराने 1949 साली यासंबंधी एक दंडक सांगून ठेवला आहे. त्याचा आशय असा, की सूत्रात लिहिलेले कोडेकाराला अभिप्रेत नसले तरी चालेल, पण जे अभिप्रेत आहे ते त्याने लिहिलेलेच असले पाहिजे. वकीलसाहेबांना हे वाक्य कायद्याच्या कलमासारखे प्रिय आहे. त्यांनी स्वतः एकदा सूत्र आणले, ‘पिसाचा नमुना दाखवा, मग जाऊ देतो (5).’ पीस म्हणजे पर, नमुना म्हणजे वानगी, उत्तर ‘परवानगी’. शब्दाची फोड इतकी सुरेख, की आम्ही तिघांनी माना डोलावल्या. बाईंनी मात्र ते सूत्र नापास केले. ‘जाऊ देतो म्हणजे परवानगी नव्हे, वकीलसाहेब. परवानगी हे नाम आहे, जाऊ देतो हे क्रियापद. तुम्ही दाराचा पत्ता देऊन खिडकीशी उभे राहिलात.’ वकीलसाहेबांनी अर्धा तास युक्तिवाद केला. शेवटी त्यांनी सूत्र बदलून आणले, ‘पिसामागे नमुना जोडा, सुटीवर जाताना साहेबांची घ्यावी लागते.’ ते पास झाले, पण लाडू नाही मिळाला.

बाई इतक्या कडक का, हे मला पुष्कळ दिवस कळले नव्हते. कोड्यात कोणी थोडी सवलत घेतली तर एवढे काय बिघडते, असे मला वाटे. मग एकदा पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, त्यांनी आपणहून सांगितले.

त्यांचे वडील एका जिनात कारकून होते. 1953-54 चा सुमार. त्या काळी देशभर शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचे पेव फुटले होते. कोणाची स्पर्धा, हे बाई सांगत नाहीत आणि मीही विचारले नाही. या स्पर्धांतली कोडी आमच्यासारखी नव्हती. चौकटीतली बहुतेक अक्षरे भरलेलीच असत. एखादे घर मोकळे, आणि त्यात दोन अक्षरांपैकी कोणतेही चालावे असे सूत्र. उदाहरणार्थ, ‘गृहस्थाने घरात हा राखावा’; मोकळ्या घरात ‘न’ घातले तर ‘मान’, ‘ल’ घातले तर ‘माल’. दोन्ही खरे. पण कार्यालयात आधीच ठरवून ठेवलेले उत्तर त्यांतले एकच. अशी जागा एक असली तर दोन चौकटी भरून पाठवाव्यात, म्हणजे काम झाले. पाच असल्या तर बत्तीस. दहा असल्या तर एक हजार चोवीस चौकटी भराव्या लागतात, आणि चौकटीला समजा चार आणे धरले तर दोनशे छप्पन्न रुपये होतात. कारकुनाच्या घरात तेव्हा ही रक्कम कोठून यावी? म्हणून माणूस दहा-वीस चौकटी भरी, बाकीचे देवावर सोडी, आणि निकाल लागला की म्हणे, ‘दोनच चुका! पुढल्या वेळी नक्की.’

ते ‘दोनच चुका’ फार वाईट, असे बाई म्हणाल्या. एकही बरोबर आले नसते तर वडील थांबले असते.

एका आठवड्यात वडिलांनी बाईंना पुढ्यात बसवले. बाई तेव्हा जेमतेम दहा वर्षांच्या. लहान मुलाच्या तोंडून देव बोलतो, असे त्यांना कोणी सांगितले होते. त्यांनी विचारले, ‘सांग बेटा, मान की माल?’ मुलगी शाळेत हुशार, वडिलांची लाडकी. तिने क्षणभर विचार करून सांगितले, ‘मान.’ उत्तर छापून आले ते ‘माल’. त्या आठवड्यात आईच्या हातातल्या पाटल्या नव्हत्या. वडील तिला काही बोलले नाहीत. परंतु पुढे कितीतरी दिवस आपल्याला मराठी येत नाही, असे त्या मुलीला वाटत राहिले.

‘उत्तर कळल्यावर माणसाने कपाळावर हात मारून म्हणावं, अरे, हे तर समोरच होतं,’ बाई म्हणाल्या. ‘मान काय नि माल काय, यात समोर काय होतं?’

वीज आली तरी बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर वकीलसाहेबांनी त्या स्पर्धांचे पुढे काय झाले ते सांगितले. मुंबई सरकारने 1948 साली लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रणाचा आणि कराचा कायदा केला. स्पर्धावाल्यांतले मोठे नाव आर. एम. डी. चमारबागवाला यांचे, त्यांची स्पर्धा बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चाले आणि तिचे स्पर्धक मुंबई राज्यातही होते. 1952 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बाहेरून येणारी पत्रेही त्याच्या कक्षेत आली, आणि प्रकरण न्यायालयात गेले. इकडे संसदेने 1955 साली बक्षीस-स्पर्धांचा स्वतंत्र कायदा केला. महिन्याला एक हजार रुपयांवर बक्षीस नाही आणि एका स्पर्धेला दोन हजारांवर प्रवेशिका नाहीत, असे त्यात ठरले. 9 एप्रिल 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्यात थेट ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून प्रारंभ करून जुगाराची परंपरा तपासली, आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे सांगितले. त्याच दिवशी दुसऱ्या निकालात असेही स्पष्ट झाले, की ज्या कोड्यात यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, त्याला 1955 चा कायदा लागू नाही. म्हणजे दैवाचे कोडे वेगळे आणि डोक्याचे कोडे वेगळे, हा भेद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात शब्दकोड्यांवरून ठरला. वऱ्हाड 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशात होते. मुंबईचा तो 1948 चा कायदा बाईंच्या वडिलांपर्यंत पोहोचलाच नव्हता. त्यांना थांबवले ते बाईंच्या आईने. कसे, ते बाईंनी सांगितले नाही.

वकीलसाहेबांचा नातू पुण्याला असतो. तो सुटीत आला असताना त्याच्या मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचे खेळ होते, आणि तेही कौशल्याचेच खेळ आहेत, असे तो आजोबांना त्यांच्याच निकालाचा आधार देऊन पटवीत होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यात कौशल्य की दैव हा भेदच ठेवला नाही. नातवाने फोन करून विचारले, ‘आता काय करू?’ आजोबांनी त्याला एक सूत्र पाठवले. तो अजून सोडवतो आहे.

भाऊंचे एक सूत्र मात्र मला विसरता येत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. त्यानंतर पहिल्यांदाच त्यांची पाळी आली, आणि त्यांनी कागद काढून वाचले, ‘शेताचा पहिला तुकडा गेला, तेव्हा मांडवात आला (2).’

आम्ही कामाला लागलो. शेत म्हणजे रान, शेत म्हणजे मळा. गार्डसाहेब म्हणाले, ‘शिवार! शि गेला, वार उरला.’ वकीलसाहेब म्हणाले, ‘वार मांडवात कसा येईल? मुहूर्त येतो.’ मग क्षेत्र झाले, जमीन झाली. बाई काही बोलत नव्हत्या. माझे लक्ष त्यांच्या कागदाकडे गेले. त्यांनी केव्हाच दोन अक्षरे लिहून ठेवली होती आणि कागदावर चष्म्याचे घर ठेवले होते. आपल्याकडे शेताला वावर म्हणतात, हे आम्हां तिघांना ठाऊक का नव्हते? भाऊंच्याच तोंडून दर रविवारी ऐकत होतो. पण कोडे फोडावयास बसले की माणूस पुस्तकातली मराठी काढतो.

वावर. पहिला तुकडा ‘वा’; तो गेला. उरला तो वर.

रस्त्याकडचे दोन एकर त्यांनी लग्नासाठी विकले, हे आम्हांला माहीत होते. त्याविषयी ते कधी बोलले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. गार्डसाहेबांनी घसा साफ करून म्हटले, ‘सूत्र पक्कं आहे, भाऊ.’ भाऊ म्हणाले, ‘पक्कं असनच. फेरफार होऊन गेला त्याचा.’ आणि ते स्वतःच मोठ्याने हसले. बाई लाडू आणावयास उठल्या, आणि त्यांना आत नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

त्या दिवसापासून ओट्यावरच्या सूत्रांना वेगळेच वळण लागले. जे सरळ बोलता येत नाही ते मंडळी दोन-चार अक्षरांत गुंडाळून आणू लागली. गार्डसाहेबांसारखा कोरडा माणूसही. शकुंतलेच्या लहान लहान स्टेशनांवर पुढे पुढे दुसरे कोणी उरले नव्हते. तिकिटे गार्डच फाडी, निशाणही तोच दाखवी. 1994 साली वाफेचे एंजिन गेले, डिझेल आले. मग एकेक करून दोन्ही अंगांच्या फेऱ्या बंद पडल्या. रूळ आहेत, त्यांवर गवत आहे. ही गाडी पुन्हा, रुंद होऊन, सुरू व्हावी म्हणून निवेदने जातात, सभा होतात. गार्डसाहेब सभेला जात नाहीत. त्यांनी एवढेच लिहून आणले, ‘आधी दुष्यंत विसरला, मग रेल्वे (4).’ हे फोडावयास कोणाला क्षणभरही लागला नाही, आणि इतक्या सोप्या सूत्राला बाईंनी लाडू कसा दिला, असे वकीलसाहेबांनीही विचारले नाही.

दिवाळीच्या दिवसांत आमचा ओटा बंद असतो. भाऊंचा कापूस वेचणीला आलेला असतो, वकीलसाहेब पुण्याला जातात, बाईंकडे लेकी-सुना येतात. तेव्हा त्या रविवारची सूत्रे मी या पानावर मांडतो. वाचकांनी घरातल्या सगळ्यांना जमवून ती फोडावीत. वऱ्हाडातली कोणी आत्या किंवा मामी घरी आलेली असेल तर तिला अगोदर बसवून घ्यावे, कारण आमच्याकडे बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो आणि दुसरे सूत्र तिच्याशिवाय सुटणार नाही.

वकीलसाहेबांचे: ‘मास्तरांच्या मागे मोटार लागली, की राज्य चालते (4).’

भाऊंचे: ‘वऱ्हाडी तोंडाने माळ जपा, आई येईल (2).’

गार्डसाहेबांचे: ‘गरीब उलटला, आणि वाहू लागली (2).’

आणि बाईंचे. बाईंच्या नातवाला यंदा श्रावणात मुलगी झाली. बाईंनी तिला अजून पाहिलेले नाही. ती मंडळी वसुबारसेला यावयाची आहेत. त्यांनी मला बोलावून हे सूत्र सांगितले, आणि मी लिहून घेतल्यावर अक्षरे बरोबर मोजली आहेत ना, म्हणून कागद हातात घेऊन दोनदा पाहिले: ‘परंतु ती: अंगणात तेवते, मांडीवर खेळते (3).’